कादंबरीतील दुसरे घर

कादंबरी वाचणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे मानणारा वर्ग मराठीत जवळजवळ कादंबरीइतकाच जुना आहे. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक या विषयांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा मराठी कादंबरीचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. आणि एवढ्यातच अद्भुताच्या हव्यासाबद्दल तिची कानउघाडणी करण्याची वेळ आली होती. ती कानउघाडणी अद्याप संपलेली नाही. जेवणाच्या सुटीत डब्याशेजारी घोडेस्वाराचे चित्र असलेले जीर्ण पुस्तक उघडून बसणारा कारकून आणि दुपारची झाकपाक झाल्यावर एखाद्या प्रेमकथेत रमणारी गृहिणी यांच्याकडे सुशिक्षित माणूस आजही किंचित कीव केल्यासारखे पाहतो. प्रस्तुत लेखक पहिल्या जातीचा वाचक आहे. त्यामुळे या कीवेचा त्याला चांगला परिचय आहे, आणि ती अनाठायी आहे असेही त्याचे मत आहे.

ज्या पुस्तकांविषयी येथे लिहावयाचे आहे, ती दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार अमेरिकेच्या पश्चिम भागातील वसाहतींच्या, गुराख्यांच्या आणि बंदूकधाऱ्यांच्या कथांचा. ओवेन विस्टर यांची ‘दि व्हर्जिनियन’ ही कादंबरी १९०२ साली आणि झेन ग्रे यांची ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ १९१२ साली निघाली, आणि या कथांचा साचा कायम झाला. पुढे साहेबाच्या देशात बसून ऑलिव्हर स्ट्रेंज यांनी १९३० पासून ‘सडन’ नावाच्या नायकाच्या कथा लिहिल्या. दुसरा प्रकार श्रद्धा आणि प्रीती यांना एका सूत्रात ओवणाऱ्या बोधपर प्रेमकथांचा. पूर्वी धर्मोपदेशक असलेल्या हॅरल्ड बेल राइट यांची ‘द शेफर्ड ऑफ द हिल्स’ १९०७ साली आली, आणि कॅनडातील लेखिका जॅनेट ओक यांच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या १९७९ सालच्या कादंबरीने या प्रकाराला आजचे रूप दिले. तिच्यात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत: भूमी पश्चिमेकडील वसाहतीची, आणि कथा श्रद्धेची व प्रेमाची.

जबलपूरसारख्या गावी अशी पुस्तके यावीत यात नवल नाही. मुंबईहून निघालेला आणि अलाहाबादकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली याच गावी एकमेकांस मिळाले व मुंबई-कलकत्ता हा प्रवास आगगाडीने सुरू झाला. सात वर्षांनी, १८७७ साली, अलाहाबादेस व्हीलर कंपनी निघाली आणि फलाटावर पुस्तक विकत घेण्याची सवय या देशाला लागली. ज्या गाडीने पुण्या-मुंबईची मासिके आली, तिनेच घोडेस्वारांच्या कथाही आल्या. प्रश्न त्या कशा आल्या हा नाही. त्या आपल्या घरांत का राहिल्या, हा आहे.

जॅनेट ओक यांच्या कथानकाकडे पाहा. मार्टी नावाची एक तरुणी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली आहे. वाटेत अपघातात नवरा मरतो. परका मुलूख, हिवाळा तोंडावर, जवळ पैसा नाही, आणि पोटात मूल. नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक विधुर तिच्याकडे येतो. त्याला एक लहान मुलगी आहे आणि तिला आईची गरज आहे. तो लग्नाची मागणी घालतो. पण तिच्यासोबत एक वचनही देतो. वसंत ऋतूत गाड्यांचा तांडा पूर्वेकडे परत निघेल, तेव्हा तिला जावयाचे असेल तर वाटखर्च तो देईल. तोवर घर तिचे. तो स्वतः पडवीत निजेल. पुढे कथेत घडते ते फार थोडे. स्वयंपाक बिघडतो, मूल रुसते, बर्फ पडते, शेजारीण येते, बाळ जन्मते. वसंत येतो, तेव्हा वाट मोकळी असूनही ती राहते.

या कादंबरीला कोणी थोर वाङ्मय म्हणणार नाही. तिच्यातील प्रार्थना अन्यधर्मीय वाचकाच्या परिचयाच्या नाहीत, आणि घाईचा वाचक ती पाने ओलांडून पुढे जातो. परंतु तिचा सांगाडा मराठी वाचकाला अनोळखी वाटत नाही, कारण मराठी कादंबरीचा जन्मच या सांगाड्यातून झाला आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे पुस्तक १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील ती पहिली सामाजिक कादंबरी; आणि मार्टीच्या कथेला जे वर्णन लागू पडते, तेच तिलाही लागू पडते. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासास निघतात, ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहतात. वाटेत विनायक मरतो, यमुना स्वतः विधवा होते, तिच्या केसांवर वस्तरा फिरण्याचा प्रसंग येतो, आणि अखेरीस ख्रिस्ती धर्म स्वीकारून ती एका ख्रिस्ती गृहस्थाशी विवाह करते. बाबा पदमनजी स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झाले होते आणि पुस्तकाचा हेतू त्यांनी लपविलेला नाही. प्रवास, वाटेवरचे वैधव्य, श्रद्धा आणि दुसरे घर ही ओक यांच्या कथेची चारही अंगे मराठीत तिच्या एकशेबावीस वर्षे आधी येऊन गेली होती.

टीकाकारांनी ‘यमुनापर्यटना’ला प्रचारपुस्तिका म्हणून बाजूस सारले. त्यात तथ्य आहे. पण प्रचारापलीकडेही त्या पुस्तकात काही आहे, आणि ते कळण्यासाठी जबलपूरच्या जवळच, नर्मदाकाठी जावे लागते.

१८२९ सालच्या नोव्हेंबरात, मंगळवार तारीख २४ रोजी, गोपाळपूर येथे उमेदसिंग उपाध्याय हे प्रतिष्ठित ब्राह्मण गृहस्थ वारले. त्यांच्या पासष्टीच्या घरातील पत्नीने सती जाण्याचा निश्चय केला. जिल्ह्याचा कारभार तेव्हा स्लीमन यांच्याकडे होता. पुढे ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्यांचे नाव गाजले, तेच हे स्लीमन. सती जाण्यास कोणी साहाय्य करू नये असा हुकूम त्यांनी आदल्या वर्षीच काढला होता. त्यांनी परवानगी नाकारली. प्रेत दहन झाले. बाई नदीच्या पात्रातील उघड्या खडकावर जाऊन बसली. दिवसा ऊन, रात्री कडक थंडी, खांद्यावर एक वस्त्र. तिने अन्न सोडले, डोक्याला लाल जाडेभरडे फडके बांधले आणि बांगड्या फोडल्या. म्हणजे लोकरीतीप्रमाणे ती मेलीच. आता परत फिरली तरी जातीत तिला जागा नव्हती.

स्लीमन यांनी पुढे १८४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे. त्यांनी तिला धाक घातला आणि लालूचही दाखविली. ती मेली तर घराण्याच्या इनाम जमिनी जप्त होतील. जगली तर तेथल्या देवळांमध्ये तिच्यासाठी उत्तम घर बांधले जाईल आणि त्याच इनामातून तिच्या निर्वाहाची सोय होईल. बाई हसली. हात पुढे करून ती म्हणाली की, नाडी केव्हाच थांबली आहे, उरले आहे ते मातीचे. शेवटी शनिवारी, यापुढे या घराण्यात कोणी सती जाणार नाही अशी हमी नातलगांकडून घेऊन, स्लीमन यांनी परवानगी दिली. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ डिसेंबर १८२९ रोजी, बेंटिंक यांचा सतीबंदीचा कायदा झाला.

या प्रसंगात मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते ते स्लीमन यांनी देऊ केलेले घर. त्यांचा हेतू शुद्ध होता. विटा होत्या, जमीन होती, धान्य होते. परंतु त्या घरात तिला भेटावयास कोण आले असते? तिच्या हातचे पाणी कोण प्यायले असते? घर म्हणजे भिंती असत्या तर गोपाळपूरची बाई कदाचित वाचली असती. तिला स्वतःच्या घरात मान होता, मुले-नातवंडे होती, आणि तरीही नवरा गेल्यावर ‘मी येथेच राहणार’ असे म्हणण्याजोगी जागा तिच्या कल्पनेत उरली नव्हती. आपले तीन जन्म याच पतीबरोबर राखेत मिसळले आहेत, असे ती सांगत होती. तिची श्रद्धा खोटी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण दुसरी एखादी कथा तिच्या कानी कधी आली होती काय, हे विचारण्याचा अधिकार इतिहासाच्या वाचकाला आहे.

दुसरी कथा आपल्याकडे नव्हती असेही नाही. ज्या ग्रंथाच्या नावावरून आपण या वाङ्मयप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्या सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त चंद्रापीड महाश्वेतेचे सांत्वन करतो, आणि मृताच्या मागोमाग मरण पत्करणे हे निष्फळ आहे असे तिला स्पष्ट शब्दांत समजावतो. मेलेल्याला त्याचा उपयोग नाही आणि मरणाऱ्यालाही नाही, असा त्याचा युक्तिवाद आहे. बाण येथवर आला. पण मग महाश्वेतेने जगावे कशासाठी? या प्रश्नाला त्याच्याजवळ एकच उत्तर होते: गेलेला प्रियकर पुन्हा जिवंत होतो. अद्भुताची योजना त्याने हौसेखातर केली असे मला वाटत नाही. समाजाने दुसरी वाट ठेवली नव्हती, म्हणून कवीला आकाशवाणीची गरज पडली.

हीच युक्ती मराठीत उतरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि तिच्या वळणाच्या कादंबऱ्यांचे पीक आले. दुष्टांच्या कपटाने पतिपत्नींची ताटातूट, नाना संकटे, आणि अखेरीस पुनर्मीलन. काशीनाथपंत मराठ्यांनी आक्षेप घेतला तो या प्रकारच्या असंभाव्यतेवर. आक्षेप रास्तच होता. परंतु असंभाव्यता कोठून आली, याचा शोध घेणेही आवश्यक होते. बालविवाहाच्या आणि केशवपनाच्या समाजात सुखान्त प्रेमकथा लिहावयाची, तर नवऱ्याला मरू देता येत नव्हते. तो नाहीसा व्हावा, पण शेवटच्या प्रकरणी परत यावा, एवढेच लेखकाच्या हाती होते.

दुसरी पळवाट इतिहासाची. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८७१ साली ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. पुढे हरि नारायण आपट्यांनी मेडोज टेलर यांच्या टिपूवरील कादंबरीच्या आधारे ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली आणि मग ‘उषःकाल’पासून स्वतःची वाट काढली. ऐतिहासिक कथेत विधवेला स्थान आहे. मात्र ती राणी असली पाहिजे. गढ्याची राणी दुर्गावती हिचेच उदाहरण घ्या. पती दलपतशहा १५५०च्या सुमारास वारला, तेव्हा मुलगा अज्ञान होता. तिने राज्य हाती घेतले, सुमारे चौदा वर्षे चालविले, आणि १५६४ साली मोगल सरदार असफखानाशी लढता लढता, जिवंत हाती लागू नये म्हणून, स्वतःच्या हाताने प्राण दिला. जबलपूरच्या विद्यापीठाला आज तिचे नाव आहे. अहिल्याबाई होळकर आणि झाशीच्या लक्ष्मीबाई यांनाही हेच भाग्य लाभले. पती निवर्तल्यावरही आयुष्य त्यांच्यासमोर उभे राहिले, कारण त्यांच्याजवळ राज्य होते. ज्या बाईजवळ फक्त देवघर आणि चूल होती, तिला या कथा ऐकून छाती भरून येई. पण कथा संपली की ती पुन्हा चुलीपाशीच असे.

हरिभाऊंची थोरवी अशी की, त्यांनी ही चूलही दृष्टीआड केली नाही. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच. बाबा पदमनजींच्या यमुनेला मिळालेले दुसरे घर हरिभाऊंच्या यमूला मिळत नाही. नवऱ्याबरोबर मुंबईस थाटलेले छोटेसे बिऱ्हाड हाच तिच्या आयुष्यातील उजेडाचा काळ. तो मरतो आणि ती सासरी परतते, बळजबरीने तिचे केशवपन होते, आणि त्या दुःखातच ती संपते. हरिभाऊंना सुखान्त करता आला नसता असे नाही. त्यांनी तो केला नाही, कारण १८९३पर्यंतच्या पुण्यात तसा शेवट बहुतेक घरांत खोटा ठरला असता. योगायोग पाहा: त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यासाठी त्यांना त्यांच्या गावाने, मुरुडने, वाळीत टाकले. कादंबरीकाराने जे लिहिण्याचे टाळले, ते एका शिक्षकाने करून दाखविले, आणि त्याची किंमतही मोजली.

कायद्याने या बाबतीत काय दिले, तेही पाहणे उपयुक्त आहे. ‘यमुनापर्यटना’च्या आदल्या वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. पण त्याच्या दुसऱ्या कलमाने, पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील विधवेचा हक्क संपुष्टात आणला. म्हणजे दुसऱ्या घराचे दार उघडताना पहिल्या घराचे दार बंद होत असे, आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्या बाईच्या हाती काहीच राहत नसे. त्यानंतर सहा वर्षांनी, १८६२ साली, अमेरिकेत लिंकन यांच्या सहीने जो वसाहतीचा कायदा झाला, त्याने पाच वर्षे जमीन कसून तेथे राहणाऱ्याला १६० एकर देऊ केली. आणि अर्ज करण्याचा हक्क अविवाहित प्रौढ स्त्रियांना व कुटुंबप्रमुख विधवांनाही होता. आपल्याकडे स्त्रीच्या ताब्यातील मिळकत पूर्णपणे तिच्या मालकीची ठरली ती १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. पश्चिमेच्या कथांतील नायिका ताठ मानेने बोलते, त्यामागे निव्वळ लेखकाची कल्पनाशक्ती नाही. तिच्या पायाखाली जमीन आहे.

मात्र ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न सुजाण वाचकाने विसरता कामा नये. गोऱ्या वसाहतवाल्यांना ओसाड दिसलेला मुलूख तेथील मूळ रहिवाशांचा होता. या जाणिवेची पश्चिमकथा मराठीत आणली ती धारवाडला राहून इंग्रजी शिकविणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी. कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्यांचे ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ आणि ‘रानातील प्रकाश’ हे अनुवाद त्यांनी केले. पहिल्या तिन्हींची नायिका सेवर्ड. आईबाप तिला ओहायोच्या घनदाट रानात आणतात. आई तेथेच मरते, शिकारी बाप निघून जातो, आणि धाकट्या भावंडांसाठी ही मुलगीच घर होऊन बसते. झाडाझाडाशी झुंजून ती शेत काढते, शेताचे गाव होते, आणि गाव मोठे झाल्यावर म्हातारपणी तिला त्याच झाडांची आठवण येऊ लागते. या नायिकेत पिस्तूल नाही, घोडदौड नाही, पण घर म्हणजे काय हे त्या तीन पुस्तकांइतके सावकाश सांगणारे लेखन थोडेच असेल.

‘रानातील प्रकाश’ त्याच्या उलट बाजूने जाते. रेड इंडियनांनी लहानपणी पळवून नेऊन पोटच्या मुलासारखा वाढविलेला एक गोरा मुलगा १७६४ सालच्या तहाप्रमाणे जन्मदात्या कुटुंबाकडे सक्तीने परत पाठविला जातो. त्या घरात अन्न आहे, वस्त्र आहे, आईची मायाही आहे. तरी ते घर त्याला तुरुंगासारखे वाटते, कारण त्याला कोणी विचारलेलेच नाही. पळून तो रानात परततो, आणि अखेरीस त्याला दोन्ही घरे अंतरतात.

मार्टीची कथा आणि या मुलाची कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे या साऱ्या पुस्तकांचा आपल्यावरील पगडा कशात आहे, ते ध्यानी येते. क्लार्कने मार्टीला घर दिले, तेव्हा परतीचा वाटखर्चही देऊ केला. तो वाटखर्च नसता तर त्या घरात आणि या मुलाच्या घरात अंतर राहिले नसते. ज्या घरातून जाता येते आणि तरीही माणूस जात नाही, तेच त्याचे घर. स्लीमन यांनी भिंती दिल्या, १८५६च्या कायद्याने परवानगी दिली, बाबा पदमनजींनी धर्म दिला. आणि या तिन्हींपाशी एखादा जरी मोकळा मार्ग असला, तरी त्याची किंमत बाईने एकटीने मोजावयाची होती. प्रेमकथेचा वाचक शेवटच्या पानापर्यंत ज्या गोष्टीची वाट पाहतो, ती लग्नाची तिथी नव्हे. वाट मोकळी असताना नायिका काय करते, हे त्याला पाहावयाचे असते.

आम्हा बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना हा प्रश्न थोडा अधिक जवळचा असावा. सागरच्या मराठ्यांनी १७८१ साली हा मुलूख घेतला, १७९८ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला, आणि १८१८ साली मराठ्यांचे राज्य येथून उठले. राज्य गेले तरी माणसे राहिली. मागाहून रेल्वेने आणि सरकारी कचेऱ्यांनी आणखी आणली. परतीचे तिकीट प्रत्येकाच्या आवाक्यात होते. उन्हाळ्यात गावी जाणारी, मुलांची लग्ने तिकडे जुळविणारी, आणि तरी जूनमध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी परतणारी घरे आपण सारेच पाहत आलो आहोत.

म्हणून दुपारच्या वेळी एखादी स्वस्त कागदावरची पश्चिमकथा किंवा साधीभोळी प्रेमकथा वाचीत बसलेल्या माणसाला उठविण्यापूर्वी क्षणभर थांबावे. त्या पुस्तकात भाषेचे दारिद्र्य असेल, योगायोग असतील, उपदेशही असेल. पण गोपाळपूरच्या खडकावर बसलेल्या बाईला तिच्या काळाने जी कथा सांगितली नाही, तीच कदाचित तेथे पुन्हा एकदा सांगितली जात असेल. आणि ती नीट सांगणाऱ्या लेखकाची मराठी अजून वाट पाहत आहे.